जतन केलेल्या पानांची ओळख

जुन्या मोडी पत्रांत पुष्कळदा चंद्र आणि महिना दिलेला असतो, वर्ष मात्र नसते. लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. अडचण झाली ती पुढच्या संशोधकांची. पत्र हाती असूनही त्याचे साल तर्काने ठरवावे लागले.

संगणकावरील संकेतस्थळांची गत आज तशीच आहे. आपल्या इंदुरातून १९९९ साली 'वेबदुनिया' हे हिंदी संकेतस्थळ सुरू झाले. त्या काळात देवनागरी मजकुरासाठी अनेक संकेतस्थळे आपापले निराळे टंक वापरीत. पडद्यावर 'क' दिसे. संगणकाच्या पोटात मात्र एखाद्या रोमन चिन्हाचा क्रमांक साठविलेला असे. युनिकोड ही सर्वमान्य पद्धत १९९१ पासून होती. पण ती आपल्याकडे रुळावयास बरीच वर्षे लागली. तसले पान आज मूळ टंकावाचून उघडले, तर निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. पान शाबूत आहे, पण वाचता येत नाही!

म्हणून पानासोबत त्याची ओळखही जपावी लागते. या ओळखीला मेटाडेटा, म्हणजे माहितीविषयीची माहिती, असे म्हणतात. तिचे काही ठरीव नमुने आहेत. २००९ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झालेल्या 'वार्क' नमुन्यात प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर पानाचा पत्ता आणि ते टिपल्याचा दिवस व वेळ लिहितात. मजकुरावरून गणिताने काढलेला ठसाही तेथे देता येतो. एक अक्षर बदलले तरी हा ठसा जुळत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी १९९५ मध्ये भरलेल्या बैठकीतून 'डब्लिन कोअर' निघाले. त्याच्या पंधरा रकान्यांत शीर्षक, कर्ता, भाषा, हक्क इत्यादी गोष्टी येतात. २००५ च्या 'प्रेमिस'मध्ये तर पान वाचण्यास कोणती साधने लागतात आणि त्यात पुढे कोणते फेरफार झाले, हेही नोंदविण्याची सोय आहे. टंकाचे नाव लिहावयाचे ते येथे. जुना मजकूर युनिकोडमध्ये उतरविला, तर तो कोणी, केव्हा व कशाने उतरविला हे लिहावे आणि मूळ प्रतही राखावी.

आपल्या मंडळांनी व शाळांनी आपली जुनी पाने साठविताना एवढे अवश्य करावे. ती पाने रचणारी माणसे आज आपल्यात आहेत. टंकाचे नाव त्यांना विचारून आजच लिहून ठेवता येईल; पन्नास वर्षांनी ते सांगावयास कोणी उरणार नाही.