वडिलांचं घर विकताना
घरदार, कागद, वारस : भाग ७

मागच्या भागात आपण हक्कसोडपत्रापर्यंत आलो होतो. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर वारसांची नावं लागली की घरात पुढचा विषय निघतो तो विक्रीचा. आणि हमखास कुणीतरी म्हणतं, ‘वारसाहक्काने आलेल्या घरावर कसला आलाय टॅक्स?’

घर मिळण्यावर खरंच नाही. १९५३ पासूनची इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये रद्द झाली. कर लागतो तो विकताना होणाऱ्या भांडवली नफ्यावर. घर फुकट मिळालं म्हणून खरेदी शून्य धरत नाहीत, आणि वडील गेले त्या दिवशीचा बाजारभावही धरत नाहीत. अमेरिकेत तो धरतात. म्हणून तिकडे स्थायिक झालेली बहीण फोनवर ठासून तेच सांगते आणि इकडचा भाऊ गोंधळतो. आपल्याकडे वडिलांची खरेदी किंमत तीच वारसाची.

घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरायची मुभा आहे. ही मुभा सोडू नये. समजा, वडिलांनी १९८८ मध्ये डोंबिवलीत १ लाख १० हजारांना फ्लॅट घेतला, २०१९ मध्ये ते वारले आणि मुलांनी २०२५-२६ मध्ये तो ४८ लाखांना विकला. १९८८ चा करारनामा धरून साडेबारा टक्क्यांनी कर ५,८६,२५० रुपये. २००१ चं मूल्य साडेचार लाख ठरलं तर ५,४३,७५०. (सेस दोन्हीकडे वेगळा.) नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यायचा तो याच फरकासाठी. मात्र २००१ च्या रेडीरेकनरचा दर उपलब्ध असेल, तर मूल्य त्याच्या वर नेता येत नाही. मूल्यांककाला ‘जरा वाढवून द्या’ म्हणण्यात अर्थ नाही.

जुलै २०२४ पासून महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, हा मुख्य नियम झाला. पण २३ जुलै २०२४ पूर्वी घर हाती आलेल्या निवासी व्यक्तीला जुना हिशोबही करून पाहता येतो: निर्देशांक लावून २० टक्के. दोन्हींत जो कर कमी, तो भरायचा. या दिलाशावर तेव्हा बराच गाजावाजा झाला, पण तो सरसकट कामाचा नाही. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, २००१-०२ चा १००. डोंबिवलीच्या फ्लॅटचे साडेचार लाख त्याने १६ लाख ९२ हजार होतात आणि २० टक्क्यांनी कर ६,२१,६०० येतो, म्हणजे जास्तच. साधारण हिशोब असा, की घराची किंमत २००१ पासून आठ-साडेआठ पटींहून जास्त वाढली असेल तर साडेबारा टक्केच बरे.

निर्देशांक कोणत्या वर्षापासून लावायचा, यावर आयकर खातं बरीच वर्षं अडून बसलं होतं. वारसाला घर ज्या वर्षी मिळालं तिथून, असं खात्याचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये, भेट मिळालेल्या एका फ्लॅटच्या प्रकरणात, ते नाकारलं. आधीच्या मालकाचा काळही मोजायचा. वारसाहक्काला हाच तर्क लागतो.

किंमत फार न चढलेल्या गावात चित्र उलटं. वाईतलं एक घर घ्या: २००१ चं मूल्य सहा लाख, विक्री ३६ लाखांना, वारस भाऊ-बहीण निम्मे निम्मे. वडील इथेही २०१९ मध्येच गेले. निर्देशांकाने सहाचे २२ लाख ५६ हजार होतात. भावाच्या वाट्याचा नफा ६ लाख ७२ हजार, कर १,३४,४००. बहीण न्यू जर्सीत राहते, अनिवासी आहे. तिला जुन्या हिशोबाची मुभाच नाही. साडेबारा टक्क्यांनी तिचा कर १,८७,५००.

त्यातून टीडीएस. विक्री ५० लाखांच्या आत, म्हणून भावाच्या रकमेतून खरेदीदार काहीच कापत नाही. बहिणीचा टीडीएस मात्र नफ्यावर नाही, तर तिच्या पूर्ण १८ लाखांवर धरला जातो: सव्वादोन लाख आणि सेस. कमी कपातीचा दाखला हवा असेल तर तिने खरेदीखताच्या आधीच आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. व्यवहार झाल्यावर उरतं ते रिटर्न भरून परताव्याची वाट पाहणं.