एकाच बर्फावर दोन कायदे

मंडळी, संक्रांतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्ह-वेवरचं बर्फ उपसत होतो. तिळगुळावर लिहिणारे आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. म्हटलं, आपण बर्फावरच लिहावं. वर्षातले चार महिने जे पायाखाली असतं, त्याची थोडी ओळख करून घेतलेली बरी.

निमित्त आमच्या धाकटीचं. वय वर्षं अकरा. दोन हिवाळ्यांपासून ती वेगाच्या स्केटिंगला जाते. गिरक्या घेणारं, झगमगीत पोशाखातलं स्केटिंग नव्हे. कमरेत वाकून, एक हात पाठीवर ठेवून सरळ पळायचं ते. गेल्या महिन्यात तिची शर्यत होती. दोघी-दोघी सुटायच्या, प्रत्येकीची वेळ लिहून घ्यायची. सहा मुलींत ही पाचवी आली. बाहेर आली ती लाल गालांनी हसतच. म्हणाली, "बाबा, मागच्या वेळेपेक्षा दोन सेकंद कमी!" आणि मी विचारलं, "पहिली कोण आली?"

घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. रात्री सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही जुन्नरचे ना? मग घड्याळाची शर्यत तुम्हाला कळू नये?"

टोला बरोबर बसला. आमच्या जुन्नर-खेडकडे बैलगाडा घाटात पळतो तो एकेकटा. गाडा सुटला की घड्याळ सुरू, माथ्यावर पोचला की बंद. सेकंदांवर नंबर ठरतो. सांगली-साताऱ्याकडे पाच-सात गाड्या एकदम सुटतात आणि पुढे जाईल त्याची बारी. दोन्ही शर्यतीच, पण कायदा वेगळा. पहिलीत तुम्ही घड्याळाशी पळता, दुसरीत शेजाऱ्याशी.

नाताळच्या सुट्टीत धाकटीला खूष करायला आम्ही सगळे लेक प्लॅसिडला गेलो. आल्बनीहून अडीच तासांची वाट. हायस्कूलच्या समोरच बर्फाचा तो लंबगोल आहे. तिथे उभा राहून आणि आल्यावर लायब्ररीतली पुस्तकं चाळून मला कळलं की बर्फावरच्या शर्यतींच्या पहिल्या चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे याच दोन कायद्यांचं भांडण आहे.

सुरुवात हॉलंडमध्ये झाली. तिथे थंडीत कालवे गोठायचे आणि माणसं स्केट बांधून या गावाहून त्या गावाला जायची. त्याची शर्यत होणं ओघानंच आलं. 1889 मध्ये अॅमस्टरडॅमला वेगवेगळ्या देशांचे स्केटर जमले. 1891 मध्ये तिथेच आपल्या न्यूयॉर्क राज्यातल्या, हडसनकाठच्या न्यूबर्गचा जो डोनोह्यू जिंकला. पण प्रत्येक देशाचे नियम निराळे, अंतरं निराळी. कुठे मैल, कुठे मीटर. मग 1892 च्या उन्हाळ्यात स्खेव्हेनिंगेन या डच समुद्रकाठच्या गावी काही देशांचे लोक एकत्र बसले आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना काढली. पहिला अध्यक्ष पिम मुलियर, हॉलंडमधल्या अनेक खेळांचा आद्य प्रवर्तक. त्यांनी ठरवलं: 500, 1500, 5000 आणि 10000 मीटर, अशी चार अंतरं, आणि एका वेळी दोघांनीच पळायचं.

हे दोघांचं गणित समजून घेण्यासारखं आहे. मार्गाला दोन पट्ट्या असतात, आतली आणि बाहेरची. वळणावर आतली पट्टी आखूड, बाहेरची लांब. म्हणून दर फेरीला समोरच्या सरळ भागात दोघं पट्ट्यांची अदलाबदल करतात. बाहेरून आत येणाऱ्याला वाट द्यायची, असा दंडक. शेजारी पळणारा असतो, पण तुमचा खरा प्रतिस्पर्धी तो नसतोच. तो कदाचित तासाभरापूर्वी पळून, कपडे बदलून, कॉफी पीत बसलेला असतो.

सुरुवातीला विजेता ठरवायची अटही कडक. चारपैकी तीन अंतरं जिंकली तरच जगज्जेता, नाहीतर त्या वर्षी कोणीच नाही. 1893 ची पहिली अधिकृत स्पर्धा अॅमस्टरडॅमला झाली आणि याप एडन नावाच्या एकोणीस वर्षांच्या डच पोराने तीन अंतरं जिंकली. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला कोणालाच तीन जमली नाहीत, तेव्हा किताब खरोखरच रिकामा राहिला! एडनने पुढे 1895 आणि 1896 मध्येही किताब घेतला आणि मधल्या काळात सायकलच्या शर्यतीतही दोनदा जगज्जेता झाला. 1894 मध्ये नॉर्वेतल्या हामार गावी 5000 मीटरला त्याने 8 मिनिटं 37.6 सेकंद घेतले. हा विक्रम 17 वर्षं टिकला. 1911 मध्ये रशियाच्या निकोलाय स्त्रुन्निकोव्हने तो मोडला, तोही फक्त 0.4 सेकंदाने. एडन मात्र पुढे विस्मरणात गेला आणि 1925 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी, गरिबीत वारला. आज हॉलंडमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला जो पुरस्कार देतात तो त्याच्याच नावाचा.

इकडे अमेरिकेत आणि कॅनडात मात्र सांगली-साताऱ्याचा कायदा. बंदूक वाजली की सगळे एकदम सुटणार. कोपरं लागणार, कोणी कोणाच्या पाठीमागे वारा चुकवत राहणार आणि शेवटच्या वळणावर झेप घेणार. लोकांना बघायलाही मजा. घड्याळ असायचं, पण शोभेपुरतं.

दोन्ही कायदे पहिल्यांदा नीट समोरासमोर आले ते 1924 मध्ये, फ्रान्समधल्या शामोनीला. या स्पर्धेलाच पुढे पहिलं हिवाळी ऑलिंपिक म्हणून मान्यता मिळाली. 26 जानेवारीला सगळ्यात आधी 500 मीटरची शर्यत झाली आणि हिवाळी ऑलिंपिकच्या इतिहासातलं अगदी पहिलं सुवर्णपदक मिळालं लेक प्लॅसिडच्या चार्ल्स ज्यूट्रॉला. त्याचे वडील गावातल्या तळ्यावरच्या रिंकची देखभाल करायचे. घोळक्यात पळायची सवय असलेला हा तेवीस वर्षांचा मुलगा युरोपच्या नियमांनी पळाला आणि 44 सेकंदांत युरोपवाल्यांनाच मागे टाकून गेला. बाकी सगळी स्पर्धा मात्र फिनलंड-नॉर्वेचीच. फिनलंडच्या क्लास थुनबर्गने एकट्याने तीन सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य नेलं.

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो माणूस. अर्व्हिंग जॅफी. जन्म 1906, न्यूयॉर्क शहर. आईवडील रशियातून आलेले ज्यू. म्हणजे आपल्या मुलांसारखाच इथे जन्मलेला, आणि घरी दुसरी भाषा, दुसऱ्या काळज्या.

1928 मध्ये सेंट मॉरिट्झच्या ऑलिंपिकला 10000 मीटरमध्ये त्याची जोडी लागली नॉर्वेच्या बर्न्ट एव्हेनसेनशी. पंचवीस फेऱ्या. जॅफीची वेळ 18 मिनिटं 36.5 सेकंद, एव्हेनसेनची 18:36.6. एक दशांश सेकंदाचा फरक! उरलेल्यांच्या जोड्या पळायच्या होत्या, पण ऊन चढलं, बर्फ वितळून पाणी झालं आणि शर्यतच रद्द झाली. नॉर्वेचे खेळाडू स्वतःच म्हणाले, जिंकला तर जॅफी, असं सांगतात. पण निकाल नाही तो नाहीच. आजही ऑलिंपिकच्या यादीत त्या वर्षीची ती जागा मोकळी आहे. घड्याळाने न्याय दिला, तर हवेने तो पुसून टाकला.

चार वर्षांनी ऑलिंपिक त्याच्याच राज्यात आलं. फेब्रुवारी 1932, लेक प्लॅसिड. ऐन मंदीचा काळ. जेमतेम 17 देश येऊ शकले. उद्घाटन केलं न्यूयॉर्कचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी. यजमान अमेरिका, म्हणून नियमही अमेरिकेचे: सगळे एकदम सुटणार. थुनबर्गने तर यायलाच नकार दिला. जे युरोपियन आले ते घोळक्यात गांगरले. 10000 मीटरच्या प्राथमिक फेऱ्यांमध्ये कोणी पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, यावरून वाद झाला, बाद केलेल्यांनी तक्रारी केल्या, आणि फेऱ्या पुन्हा घ्याव्या लागल्या.

निकाल पाहा. चार शर्यतींची बारा पदकं. त्यातली पाच अमेरिकेला, पाच कॅनडाला आणि नॉर्वेला फक्त दोन. 500 आणि 1500 मीटर जिंकले गावातल्याच जॅक शीने. वय 21, उद्घाटनाला खेळाडूंच्या वतीने शपथ घेणाराही तोच. 5000 आणि 10000 जिंकले जॅफीने. पण 10000 ला त्याची वेळ होती 19 मिनिटं 13.6 सेकंद. म्हणजे 1928 च्या रद्द झालेल्या शर्यतीपेक्षा 37 सेकंद हळू! सगळे एकमेकांवर डोळा ठेवून पळत होते, घड्याळाकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ऑलिंपिक संपल्यावर आठवडाभरातच, त्याच लेक प्लॅसिडला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, युरोपच्या नियमांनी, दोघां-दोघांची. जगज्जेता झाला नॉर्वेचा इव्हार बालांग्रुड, जो ऑलिंपिकमध्ये एकच रौप्यपदक घेऊन बसला होता. गाव तेच, माणसं तीच. कायदा बदलला आणि पहिला नंबर बदलला. चार वर्षांनी जर्मनीत, घड्याळाच्या कायद्याने, याच बालांग्रुडने तीन सुवर्णपदकं घेतली.

हे सगळं मी धाकटीला सांगत होतो तेव्हा तिने मधेच विचारलं, "मुली कुठे होत्या?" होत्या. 1932 ला लेक प्लॅसिडमध्ये मुलींच्या तीन शर्यती झाल्या, पण फक्त प्रदर्शनापुरत्या, पदकांविना. कॅनडाची जीन विल्सन, अमेरिकेच्या एलिझाबेथ ड्युबॉइस आणि किट क्लाइन यांनी एकेक जिंकली. क्लाइन 1936 मध्ये बायकांची पहिली अधिकृत जगज्जेती झाली. ऑलिंपिक पदकासाठी मात्र बायकांना 1960 पर्यंत थांबावं लागलं. पहिलं सुवर्ण जर्मनीच्या हेल्गा हासेला मिळालं. "अठ्ठावीस वर्षं?" धाकटी म्हणाली, आणि पुढे बराच वेळ काही बोलली नाही.

जॅफीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. मंदीत त्याला नोकरी मिळेना. दोन्ही सुवर्णपदकं आणि बाकीची बक्षिसं त्याने हार्लेममधल्या एका गहाणवट्याच्या दुकानात ठेवली. पैसे जमवून सोडवायला गेला तर दुकानच बंद झालेलं. पदकं परत मिळाली नाहीत. ज्यूट्रॉचं पदक आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. जॅफीची दोन कुठे गेली, कोणाला ठाऊक. पण पाय त्याचे त्याच्याकडे होते. 1934 मध्ये त्याने 25 मैलांच्या स्केटिंगचा विक्रम केला. कॅट्सकिलच्या ग्रॉसिंगर्स हॉटेलात तो हिवाळी खेळांचा प्रमुख झाला, पुढे मुलांना शिकवलं. 1981 मध्ये तो गेला.

मंडळी, मला हे वाचताना आपली गणपतीची जेवणं आठवली. ताटं हातात घेऊन आपण एकमेकांना काय विचारतो? "तुमचा कितवा आला? एस-ए-टीला किती?" आपण इथे आलो तेच मुळी घोळक्याच्या शर्यतीतून, एकाच परीक्षेला लाखभर मुलं, एकदम सुटणारी. त्यात पुढे आलो म्हणून इथवर पोचलो, हे नाकारत नाही. पण मुलांना विचारायचा दुसराही एक प्रश्न असतो, आणि तो मला घाटातल्या गाड्यांनी कधीच शिकवला होता. इथे येऊन मी तो विसरलो.

मी हे धाकटीला जरा जडपणे बोलून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके बाबा. पण मला पहिलीपण यायचंय." तेही खरंच. 2018 च्या ऑलिंपिकपासून सगळ्यांनी एकदम सुटायची शर्यत परत आली आहे, जोड्यांच्या शर्यतींच्या जोडीला. शेवटी दोन्ही कायद्यांना एकाच बर्फावर जागा झाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाड्याचे स्केट बांधून मीही त्या मार्गावर उतरलो. 1980 मध्ये याच मार्गावर एरिक हायडनने पाचही सुवर्णपदकं जिंकली होती; 10000 मीटरच्या पंचवीस फेऱ्या 14 मिनिटं 28.13 सेकंदांत. धाकटीने घड्याळ लावलं. माझी एक फेरी झाली नऊ मिनिटांत, तीन वेळा पडून. मी धापा टाकत बाहेर आलो तर ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "छान बाबा. आता पुढच्या वर्षी साडेआठ."

पहिला कोण आला, हे तिने विचारलं नाही.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि फेब्रुवारीत कोणाला लेक प्लॅसिडला यायचं असेल तर मला फोन करा. गाडीत दोन जागा आहेत.