फसफसती साके : घटक आणि आस्वाद

तांदूळ, पाणी, यीस्ट आणि तांदळातील पिष्टाची साखर करणारी ‘कोजी’ ही बुरशी यांपासून जपानमध्ये तयार होणाऱ्या नेहमीच्या साकेत साधारणतः १५ ते १६ टक्के मद्यार्क असतो. मात्र २०११ मध्ये बाजारात आलेल्या ‘मिओ’सारख्या गोडसर, फसफसत्या साकेत तो सुमारे ५ टक्केच असतो. हे बुडबुडे बाटलीतील दुय्यम किण्वनातून निर्माण होतात किंवा कार्बन डायऑक्साइड वायू बाहेरून मिसळून आणले जातात. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या जपान आवासाके संघाच्या निकषांनुसार ‘आवासाके’ या प्रकारात केवळ नैसर्गिक किण्वनातील वायूच ग्राह्य धरला जातो आणि मद्यार्क किमान १० टक्के असावा लागतो. युझू (एक सुवासिक आंबट लिंबूवर्गीय फळ) किंवा पीच यांचा रस घातलेले पेय जपानी कायद्याच्या व्याख्येनुसार ‘सेइशु’, म्हणजे शुद्ध साके, ठरत नसल्याने त्याची गणना सहसा लिक्युअरमध्ये होते.

आस्वाद घेताना बाटली चांगली थंड करून पेय उभट, निमुळत्या पेल्यात ओतावे, प्रथम बुडबुड्यांचा बारीकपणा व गंध पाहावा आणि फळांच्या गोडव्याने जीभ बोथट होऊ नये म्हणून कोरड्या, म्हणजे कमी गोड, प्रकारापासून सुरुवात करून फळांच्या स्वादाचे प्रकार शेवटी चाखावेत.