कांद्याचा गोंडा दाण्यांनी का भरत नाही?

कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये गोंडे पांढरेशुभ्र फुलतात, पण मळणी केल्यावर दाणे कमी आणि भुसाच जास्त निघतो, अशी तक्रार अनेक शेतकरी करतात. मग दोष खताला नाहीतर बेण्याच्या कांद्याला दिला जातो. बऱ्याचदा खरे कारण फुलात असते, म्हणून आधी फूल नीट समजून घ्या.

गोंडा म्हणजे एक फूल नव्हे. त्यात शेकडो बारीक फुले असतात आणि ती एकदम उमलत नाहीत. एका गोंड्याचा बहर दोन ते चार आठवडे चालतो. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर, मधोमध स्त्रीकेसर आणि तळाशी अंडाशय असतो. अंडाशयात तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडे. म्हणजे एका फुलातून जास्तीत जास्त सहा दाणे. हा आकडा कोणतेही टॉनिक वाढवू शकत नाही. सहापैकी किती बीजांडांचे दाणे होतात, एवढेच आपल्या हातात असते.

कांद्याच्या फुलात नर भाग आधी तयार होतो. प्रथम आतले तीन परागकोश फुटतात, मग बाहेरचे तीन. त्या वेळी स्त्रीकेसराची दांडी जेमतेम एक मिलिमीटरची असते आणि तिच्या टोकाची कुक्षी पराग स्वीकारायला तयार नसते. पराग गळून गेल्यावर दांडी लांबते, साधारण पाच मिलिमीटर होते, आणि तेव्हा कुक्षी तयार होते. त्यामुळे फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामी येत नाही. तो दुसऱ्या फुलातून आणावा लागतो, मग ते त्याच गोंड्यातले असो की शेजारच्या झाडाचे. पराग चिकट असल्याने वाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही. हे काम माश्याच करतात, आणि त्यातही मधमाश्या.

पराग कुक्षीवर पडला की रुजतो. त्याची नलिका दांडीतून खाली बीजांडापर्यंत जाते आणि दोन नरपेशी आत सोडते. एकीपासून दाण्यातला अंकुर बनतो, दुसरीपासून त्या अंकुराचा अन्नसाठा. ज्या बीजांडापर्यंत नलिका पोहोचली नाही, ते वाळून जाते. सहापैकी दोनच दाणे असलेले बोंड याच कारणाने मिळते.

म्हणून फुलोऱ्यातली फवारणी मला सर्वांत घातक वाटते. फुलकिडे दिसले की हात पंपाकडे जातो, पण इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल यांसारखी औषधे मधमाश्यांना मारतात. फुलकिडे आणि करप्याचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधी करून घ्या. बहरात नाइलाजाने फवारावेच लागले, तर माश्यांना कमी घातक असलेले औषध निवडा आणि सूर्यास्तानंतर फवारा. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा. माश्या बांध ओळखत नाहीत. तुषार सिंचन असेल तर बहरात ते बंद ठेवून पाणी जमिनीवरून द्या, कारण भिजलेला पराग कामाचा राहत नाही.

परिसरात आग्या, सातेरी, फुलोरी माश्यांची पोळी असतील तर ती जपा. पुरेशा माश्या दिसत नसतील तर भाड्याने पेट्या आणा. पण फार आधी आणू नका. साधारण दहा टक्के फुले उमलल्यावर पेट्या ठेवा, नाहीतर माश्यांना दुसऱ्या फुलांची सवय लागते. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असते, त्यामुळे दुसरे काही फुललेले मिळाले तर माश्या तिकडे वळतात. बांधावर मोहरी किंवा कोथिंबीर लावायची असेल तर तिचा फुलोरा कांद्याच्या आधी येईल अशा बेताने लावा. दोन्हींचा बहर एकाच वेळी आला तर फायद्याऐवजी तोटाच होऊ शकतो. पेट्यांची वाहतूक रात्री करा आणि जवळ स्वच्छ पाणी ठेवा.

गुळाचे पाणी फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो फारसा पटत नाही. माशी पानावरचा गूळ चाटून गेली तर पराग हलत नाही. त्यापेक्षा सकाळी दव उतरल्यावर गोंड्यांवरून अलगद हात किंवा मऊ कापड फिरवलेले बरे. लहान प्लॉटला याचा थोडा आधार होतो, पण मोठ्या क्षेत्राला मजूर परवडत नाहीत.

माशी जशी पराग आणते, तशी नको त्या जातीचाही आणते. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या जातीच्या कांद्याच्या फुलोऱ्यापासून किमान ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतर लागते. घरचे बी धरणाऱ्यांनीही हे पाळावे. लाल कांद्याच्या प्लॉटशेजारी पांढऱ्याचे गोंडे फुलले, तर भेसळ पुढच्या वर्षी कांदे पोसल्यावरच कळते.

बहर ओसरू लागला की वेगवेगळ्या भागांतले चार-पाच गोंडे घ्या, फुगलेली बोंडे नखाने उकला आणि आतले दाणे मोजा. बांधाकडे दाणे भरलेले आणि प्लॉटच्या मध्यभागी रिकामे दिसले, तर माश्या आतपर्यंत पोहोचलेल्या नाहीत. पुढच्या हंगामात पेट्या एका कडेला न ठेवता विखरून ठेवा.