नळीच्या तोंडावरील क्लिप

गाडी बंद पडल्यावांचून तिचें बॉनेट उघडून आंत पाहण्याची बुद्धि आपणांपैकीं फारच थोड्यांस होते. आमच्या घरींही तसेंच झालें. पालघरहून बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत रोज जाणाऱ्या माझ्या पुतण्यानें पावसाळ्यापूर्वीं गाडीच्या रेडिएटरची रबरी नळी बदलून घेतली. कारागिरानें जुनी पोलादी स्प्रिंग-क्लिप फेंकून दिली आणि तिच्या जागीं स्क्रूनें आवळावयाची पट्टी बसविली. "ही अधिक मजबूत," असें त्याचें म्हणणें. दिसावयासही ती तशीच होती.

पौषांत सकाळच्या वेळीं गाडीखालीं चार-दोन हिरवे थेंब दिसूं लागले. इंजिन तापलें कीं गळती थांबे, म्हणून तें कोणीं मनावर घेतलें नाहीं. अखेर एके संध्याकाळीं, मातोश्री गाडींत असतां, चिंचणीच्या रस्त्यावर बॉनेटमधून वाफ निघाली. पुतण्या रेडिएटरचें झांकण उघडावयास धांवला, तोंच मातोश्री आंतून कडाडल्या, "अरे, वाफ जिरल्यावांचून कुकर उघडतोस का?" त्याचा हात आणि कदाचित् डोळेही त्या एका वाक्यानें वांचले.

स्क्रूची पट्टी वाईट असते असें नव्हे. ब्रिटिश नौदलांतील कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनीं १९२१ सालीं तिचें पेटंट घेतलें, व आजही ती जगभर वापरतात. परंतु ती जेथें आवळावी तेथेंच राहते. रबर मात्र दाबाखालीं हळूहळू चेपतें, आणि थंडींत आकसतें. मग दोहोंमधला दाब उणावून पाणी झिरपतें. इंजिन तापल्यावर रबर फुगतें व गळती लपते. स्प्रिंग-क्लिपेचें पोलाद पाणी देऊन लवचीक केलेलें असल्यामुळें ती रबराच्या मागोमाग मिटते आणि त्याच्याबरोबर उघडते. जेथें उष्णता वारंवार चढते-उतरते, तेथें हा गुण मोलाचा.

माप घेणें मुळींच अवघड नाहीं. नळी तोटीवर पूर्ण चढवून तिच्याभोंवतीं दोरा गुंडाळावा व दोऱ्याच्या लांबीस ३.१४ नें भागावें. दोरा ६९ मिलिमीटर भरला, तर बाहेरचा व्यास सुमारें २२ मिलिमीटर. मोकळ्या क्लिपेचा आंतला व्यास याहून थोडा लहान हवा. सैल क्लिप पकडीनें दाबून घट्ट होत नसते. हा उद्योग धुलाईयंत्राच्या नळीवर मीं स्वतः करून पाहिला आहे, आणि न्हाणीघर पुसलेंही आहे.

बसवितांना क्लिप आधीं नळींत ओवावी. पुष्कळजण हें विसरतात. नळी चढत नसेल तर साबणाचें पाणी लावावें, तेल लावूं नये. तेलानें कित्येक जातींचें रबर फुगतें. तोटीच्या टोंकाशीं एक उंचवटा असतो. नळी त्याच्या पलीकडे पुरती गेल्यावर क्लिप उंचवट्याच्या मागें, पण नळीच्या कडेपासून कांहीं मिलिमीटर आंत, सरळ बसवावी. तिचे कान पकडीनें जरुरीपुरतेच दाबावे. फार ताणलेल्या क्लिपेची ओढ कमी होते. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण पकडींतून सुटलेली क्लिप गोफणीच्या दगडासारखी उडते. इंजिन मात्र अगोदर पूर्ण थंड झालेलें पाहिजे.

तारापूर-चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यांत आणखी एक दक्षता लागते. पकडीनें लेप खरवडला कीं तेथून गंज धरतो, आणि गंजानें पडलेल्या खड्ड्यांतूनच पुढें पोलादास तडा जातो. अशी क्लिप थोड्या पैशांच्या लोभानें पुन्हां वापरूं नये. स्वयंपाकाच्या गॅसच्या नळीवर तर यांपैकीं कोणताच प्रयोग घरीं करूं नये. तें काम एजन्सीच्या माणसाचें.

पुतण्याच्या गाडीला मूळच्या मापाची स्प्रिंग-क्लिप बसविली. त्यानंतरच्या थंडींत थेंब दिसला नाहीं. मातोश्री मात्र अजून गाडींत बसण्यापूर्वीं खालीं वाकून पाहतात.