मनाईच्या रस्त्यावर घटकाभर गाडी उभी करूं द्यावी काय?

खत, बियाणें, औषध किंवा पंपाचा एखादा सुटा भाग आणण्याकरितां तालुक्याच्या पेठेंत गाडी नेली नाहीं, असा शेतकरी आतां क्वचितच आढळेल. तेथें गेल्यावर पहिली अडचण मालाची वा पैशांची नसून गाडी कोठें उभी करावी ही असते. दुकान ज्या रस्त्यावर, मनाईची पाटी त्याच रस्त्यावर. आणि मोकळी जागा इतकी दूर कीं, तेथवर पोतें डोक्यावरून न्यावयाचें म्हणजे हमालीनेंच कंबर मोडावी. यास्तव अशा रस्त्यावर माल चढविण्या-उतरविण्यापुरती गाडी उभी करण्याची मोकळीक असावी, अशी मागणी आपल्या वर्गांतून वारंवार ऐकूं येते. ती कितपत रास्त आहे, कायदा तिजविषयीं काय म्हणतो, आणि ती पदरांत पाडून घ्यावयाची असल्यास काय केलें पाहिजे, याचा थोडा खुलासा येथें करण्याचें योजिलें आहे.

आरंभींच सांगितलेलें बरें कीं, प्रस्तुत लेखक या प्रकरणांत फिर्यादी आहे आणि आरोपीही आहे. दोन वर्षांपूर्वीं रब्बीच्या तोंडावर मी व माझा पुतण्या दहा पोतीं खत आणण्यास पिकअप गाडी घेऊन पेठेंत गेलों. सहा पोतीं चढलीं, हमाल सातवें आणावयास आंत गेला, तेवढ्यांत शिपायानें गाडीचें छायाचित्र घेऊन दंडाची नोंद केली. पुतण्या गाडींत बसलेला, हौद्यांत पोतीं उघड दिसत असलेलीं, तरी "पाटी वाचतां येत नाहीं काय?" एवढेंच उत्तर मिळालें. महसूल खात्यांत तीस वर्षें लोकांस अर्जाची तऱ्हा सांगण्यांत घालविलेल्या माणसास स्वतःसाठीं एक वाक्यही सुचूं नये, याचें त्या दिवशीं फार वैषम्य वाटलें. ही झाली फिर्याद.

आरोप याहून गंभीर आहे. पुढच्याच खरिपांत मी एकटाच गेलों होतों. युरियाचीं दोनच पोतीं घ्यावयाचीं, म्हणून त्याच रस्त्यावर गाडी लावली, कुलूप घातलें, आणि "दोन मिनिटांत येतों" असें शेजारच्या पानवाल्यास सांगून दुकानांत शिरलों. अनुदानाचें खत घ्यावयाचें म्हणजे यंत्रावर अंगठा उमटवावा लागतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. माझ्यापुढें चौघे होते. त्यांपैकीं एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या अंगठ्याच्या रेघा कामानें इतक्या झिजलेल्या कीं, यंत्र त्यांना ओळखीना. मी बाहेर आलों तेव्हां वीस मिनिटें होऊन गेलीं होतीं. माझ्या गाडीसमोर रस्त्याच्या दुसऱ्या कडेस एक टेंपो लागलेला होता, आणि दोहोंच्या मागें एक रुग्णवाहिका अडकून पडली होती. आंत जवळच्या खेड्यांतील एक अडलेली बाई होती. टेंपोचाही धनी जागेवर नव्हता. माझी गाडी ढकलावी तर ती गिअरमध्यें ठेवलेली, आणि किल्ली माझ्या खिशांत. पांच-सात मिनिटें ती रुग्णवाहिका तशी उभी होती, असें पानवाला म्हणाला. ती बाई सुखरूप सुटली हें मला तिसऱ्या दिवशीं कळलें. मधले दिवस कसे गेले तें येथें लिहीत नाहीं.

या दोन्हीं प्रसंगीं पाटी एकच होती, रस्ता एकच होता, आणि दोन्हीं वेळां माझें म्हणणें "घटकाभरच थांबलों" असेंच होतें. परंतु पहिलें थांबणें निराळें व दुसरें निराळें. कायद्यांतही हा भेद केलेला आहे, पण तो पुष्कळांस ठाऊक नसतो. १९५१ सालच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचें, ज्याचें मूळचें नांव मुंबई पोलीस अधिनियम, १०२ वें कलम रस्त्यांत अडथळा करण्याविषयीं आहे. माल चढविण्या-उतरविण्यास किंवा माणसें घेण्या-उतरविण्यास जरूर असेल त्याहून अधिक वेळ जनावर वा वाहन रस्त्यांत उभें ठेवून अडथळा करूं नये, असा त्याचा आशय आहे. वाहन नुसतें सोडून जाणें, गुरें बांधणें, रस्त्याचा तळ करणें, या गोष्टी त्याच कलमांत निराळ्या सांगितल्या आहेत. गुरांचा उल्लेख पाहून आजच्या तरुणांस हंसूं येईल. परंतु बैल सोडून गाडीचें जूं रस्त्यांत टेकविणारा गाडीवान आणि किल्ली खिशांत घालून दुकानांत बसणारा मी, यांत अंतर तें किती?

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचें ११७ वें कलम आपल्या प्रश्नास याहून जवळचें आहे. वाहनांनीं कोणत्या जागीं उभें राहावें हें राज्यशासनानें किंवा त्यानें अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानें स्थानिक संस्थेचा विचार घेऊन ठरवावें, आणि तें बेमुदत किंवा ठराविक मुदतीपुरतें ठरवितां यावें, अशी तजवीज तेथें आहे. तेव्हां मुदतीची परवानगी मागणें म्हणजे कायदा वांकवून मागणें नव्हे. नमुन्यांत जो रकाना छापलेला आहे तो भरून मागणें होय. जोंवर तो भरला जात नाहीं, तोंवर मात्र मनाई ती मनाईच. २०१९ च्या दुरुस्तीनें कलम १७७ खालील दंडाची मर्यादा पहिल्या गुन्ह्यास ५०० रुपये व पुढील प्रत्येक गुन्ह्यास १५०० रुपये झाली आहे, आणि मनाईच्या जागेवरील गाडी उचलून नेण्याचा अधिकार कलम १२७ नें दिलेला आहे.

पाट्यांतही भेद असतो, तो डोळ्यांखालीं घालून ठेवावा. निळ्या वर्तुळास तांबडी कड व त्यावर एकच तिरपी तांबडी रेघ असेल, तर तेथें गाडी लावून ठेवण्यास मनाई आहे. दोन रेघांची फुली असेल, तर तेथें थांबण्यासच मनाई आहे, व माल उतरविण्याची सबबही चालत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. "जरूर तेवढा वेळ" म्हणजे किती? आपण घटकाभर म्हणतों. घटका म्हणजे हिशेबानें २४ मिनिटें, पण बोलतांना ती दोन मिनिटांची असते व प्रत्यक्षांत तासाची होते. शिवाय एकाची घटका संपतांच दुसऱ्याची सुरू होते. दर पांच मिनिटांनीं गाडी बदलली तरी जागा तासभर अडलेलीच राहते. फक्त दर खेपेस दोषी निराळा. त्यांत रस्त्याची रुंदी धरून पाहावी. पेठेंतील रस्ता २४ फूट रुंद धरला, व एका कडेस सहा फुटांचा टेंपो उभा राहिला, तर १८ फूट उरतात. मोठी मालमोटार किंवा अग्निशामक बंब सुमारें आठ फूट रुंद. तेव्हां १८ फुटांत अशीं दोन वाहनें सांभाळून समोरासमोर निघून जातात. पण दुसऱ्या कडेस दुसरा टेंपो आला कीं १२ फूट राहिले, आणि समोरासमोरचीं वाहनें जागच्या जागीं बांधलीं गेलीं. आमच्या रुग्णवाहिकेचें नेमकें हेंच झालें: पुढून ऊस भरलेली ट्रॉली आली होती. म्हणजे अडचण एका गाडीनें होत नाहीं, समोरच्या दुसरीनें होते, आणि पहिला नेहमीं म्हणतो, "मी तर आधीं उभा होतों."

पुण्याच्या पेठांतील कित्येक रस्त्यांवर पी-१ व पी-२ अशा पाट्या आहेत. विषम तारखेस एक बाजू व सम तारखेस दुसरी, अशी वांटणी त्यांत केलेली आहे. या युक्तीनें समोरासमोर गाड्या लागण्याचा दोष टळतो. परंतु ही वांटणी बाजूची आहे, वेळेची नाहीं. मोकळ्या बाजूस सकाळीं येऊन जो गाडी लावील त्याची ती दिवसभर; आणि सकाळीं सर्वांच्या आधीं येणारा मनुष्य बहुधा दुकानाचाच मालक किंवा त्याचा नोकर असतो.

वेळेची वांटणी करण्याची कल्पना याच अनुभवांतून निघाली, पण ती आपल्याकडे नव्हे, अमेरिकेंत. ओक्लाहोमा शहराच्या बाजारपेठेंत दुकानांतील नोकरांच्या मोटारी दिवसभर उभ्या राहत, व गिऱ्हाइकांस जागा उरत नसे. कार्ल मॅगी नांवाच्या वृत्तपत्रकारानें पुढाकार घेतला, आणि १६ जुलै १९३५ रोजीं तेथें नाणें टाकून मुदत विकत घेण्याचें यंत्र रस्त्याच्या कडेस उभें राहिलें. तासास पांच सेंट असा दर होता. पॅरिस शहरानें १९५७ सालीं याहून स्वस्त तोड काढली. ठराविक निळ्या पट्ट्यांत गाडी लावणारानें पुठ्ठ्याच्या चकतीवर आपण आल्याची वेळ दाखवून ती कांचेमागें ठेवावयाची. शिपायानें ती पाहिली व घड्याळ पाहिलें कीं हिशेब झाला. आपल्याकडे तर शिपायाच्या हातांत छायाचित्रावर वेळ उमटविणारें यंत्रच आलेलें आहे. एका छायाचित्राऐवजीं मुदतीच्या अंतरानें दोन घेतलीं, तर कामापुरता थांबलेला कोण व तळ ठोकून बसलेला कोण, याचा पुरावा आपोआप तयार होतो.

यावरून माझें मत असें झालें आहे कीं, मनाईच्या प्रत्येक रस्त्यावर सर्वांस थोडा वेळ उभें राहूं द्यावें ही मागणी मान्य होण्याजोगी नाहीं, व ती आपण करूंही नये. मागणी अशी असावी कीं, रस्त्याच्या एकाच बाजूस, दुकानांच्या समोर, पांढऱ्या रेघांनीं आंखलेल्या चार-पांच जागा केवळ मालाच्या चढउतारीस राखाव्या, व तेथें वीस मिनिटांची मुदत पाटीवर लिहावी. वीस फुटांची एक जागा सकाळीं आठपासून रात्रीं आठपर्यंत वीस-वीस मिनिटांनीं रिकामी झाली, तर दिवसांत ३६ गाड्यांचें काम होतें. पांच जागांवर १८० गाड्यांचें. आज त्याच जागेंत पांच गाड्या दिवसभर ऊन खात असतात. चौक, वळण, पूल, दवाखान्याचें व शाळेचें दार, बसथांबा, एवढीं ठिकाणें मात्र सोडूनच द्यावीं. तेथें एक मिनिटही मागूं नये.

आपल्या वर्गास न रुचणारी एक गोष्ट सांगतों. ट्रॅक्टर व त्यामागें ट्रॉली, मग ती एक असो वा दोन, यांस या जागा देतां येणार नाहींत. ट्रॉली वीस फुटांत मावत नाहीं, सहज मागें घेतां येत नाहीं, आणि ती वळेपर्यंत सारी पेठ खोळंबते. ट्रॅक्टर गांवाबाहेर ठेवून माल छोट्या गाडीनें तेथवर आणावा. भाडें पडेल, पण इलाज नाहीं. तसेंच कापडाच्या वा सोन्याच्या खरेदीस आलेल्या मोटारीसही ही सवलत नको. तिच्या मालकाच्या डोक्यावर पन्नास किलोंचें ओझें नसतें.

परवानगी मिळो वा न मिळो, एक गोष्ट मात्र आजपासूनच करतां येते. खत घेण्यांत वेळ जातो तो पोतें उचलण्यांत नव्हे, यंत्रावर अंगठा व पावती यांत जातो. दहा पोतीं चढविण्यास दोन हमालांस दहा मिनिटें पुरतात. तेव्हां गाडी दूर मोकळ्या जागीं ठेवावी, पायीं दुकानांत जाऊन अंगठा, पैसे व पावती उरकावी, हमाल दाराशीं उभे करावे, आणि मग गाडी बोलवावी. चालविणारा जागेवरून उठूं नये. एकटें जाणें झालें तर किल्ली दुकानदाराच्या हातीं द्यावी, खिशांत ठेवूं नये.

मागणीचा अर्ज नगरपरिषदेचे मुख्याधिकारी व पोलीस अधीक्षक या दोघांसही एकाच तारखेस द्यावा, व पोंच घ्यावी. नुसत्या तक्रारीच्या अर्जावर "दप्तरी दाखल" एवढाच शेरा पडतो, हें मीं स्वतः शेंकडों वेळां लिहिलें आहे. अर्जासोबत रस्त्याची फितीनें मोजलेली रुंदी तीन ठिकाणची द्यावी, दुकानांचा साधा नकाशा जोडावा, आणि एका बाजाराच्या दिवशीं दर तासास किती मालगाड्या आल्या व प्रत्येक किती मिनिटें थांबली, याचा तक्ता द्यावा. आमच्या पेठेचा तक्ता येत्या बाजारीं करण्याचें ठरलें आहे. सकाळच्या चार तासांस माणसें मिळालीं आहेत. दुपारीं बारा ते चार या वेळेस घड्याळ व वही घेऊन बसणारे दोघे हवे आहेत.