कुवेतमधले निदान आणि उंदराचे विंट-७ए जनुक

विंट-७ए हे जनुक उंदराच्या सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या चार एक्झॉनमध्ये ३४९ अमिनो आम्लांच्या प्रथिनाचा मजकूर साठवलेला असतो. हे प्रथिन पेशीबाहेर पडते आणि आसपासच्या पेशींनी कसे वाढावे हे ठरवते. माणसातील प्रथिनाची लांबीही तेवढीच. त्याचे जनुक मात्र तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, ३पी२५ या पट्ट्यात सापडते. उंदरात गुणसूत्रांच्या २० जोड्या आणि माणसात २३ असल्या, तरी जनुकांचे कित्येक गट उत्क्रांतीत एकत्रच राहिले. त्यामुळे एकाचा नकाशा दुसऱ्याला कामी येतो.

असा नकाशा करण्याची जुनी रीत संकराची. प्रयोगशाळेतील उंदीर आणि मुस स्प्रेटस ही वेगळी जात यांची संकरित मादी पुन्हा मूळ जातीच्या नराशी जुळवतात. पिल्लांमध्ये कोणती दोन जनुके बरोबर उतरतात आणि कोणती फारकत घेतात, हे मोजले जाते. शंभरात एकदा फारकत झाली, तर अंतर एक सेंटिमॉर्गन. उंदरात ते ढोबळमानाने वीस लाख बेस-जोड्यांइतके भरते. काम कंटाळवाणे, पण भरवशाचे.

पार आणि मॅकमहॉन या संशोधकांनी विंट-७ए हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. १९९५ साली दिसले ते पायांतील दोष: पंजाच्या वरच्या बाजूलाही तळव्यासारख्या गाद्या आल्या आणि करंगळीकडचा भाग अपुरा राहिला. १९९८ मध्ये या उंदरांच्या वांझपणाचे कारण उलगडले. नराच्या भ्रूणात म्युलेरियन नलिका विरून जायला हवी. तसा आदेश देणाऱ्या संप्रेरकाचा ग्राहक या जनुकाविना तयारच होत नाही, म्हणून नलिका टिकते आणि शुक्राणूंची वाट अडते. मादीमध्ये गर्भनलिका व गर्भाशय नीट घडत नाहीत. मिलर आणि ससून यांना तर गर्भाशयाच्या अस्तराला योनीमार्गाची कळा आलेली आढळली. हातापायांतील दोष आणि वांझपणा एकत्र असलेला ‘पोस्टॅक्सियल हेमिमेलिया’ हा उंदरांचा जुना वाणही याच जनुकातील बिघाडाचा निघाला.

कुवेतचा संबंध याआधीचा आहे. १९८५ मध्ये तिथले अल-अवादी, तीबी आणि सहकारी यांनी हातपाय अत्यंत खुरटलेल्या, छातीचा सांगाडा बिघडलेल्या, पण बुद्धी शाबूत असलेल्या भावंडांचे वर्णन प्रसिद्ध केले. हा दोष अप्रभावी आहे. बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून यावी लागते. आखाती देशांत चुलत-मावस नात्यांतील लग्ने रूढ असल्याने असे योग तिथे अधिक जुळतात. मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या महाराष्ट्रातील घरांनाही हे गणित लागू आहे. पुढे अशाच रुग्णांपैकी काही मुलींत गर्भाशय नसल्याचे किंवा अविकसित असल्याचे दिसले. उंदरांकडे पाहिल्यावर संशय विंट-७ए वर जाणे साहजिकच होते. २००६ मध्ये वुड्स आणि सहकाऱ्यांनी तो खरा ठरवला: २९२व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन आले की प्रथिनाचे काम थांबते. १०९व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी थ्रिओनिन आले, तर थोडे काम शिल्लक राहते आणि फुहरमान सिंड्रोम हा सौम्य प्रकार होतो.

मात्र हातपाय धडधाकट असून केवळ गर्भाशय नसलेल्या स्त्रियांमध्ये शोध घेतला, तेव्हा या जनुकात बिघाड आढळला नाही.